काळी दोन

यंत्रांनी माणसांची बहुतेक कामं गिळली तरी वैजयंती मगदूमची नोकरी शाबूत राहिली होती, आणि त्याचं श्रेय मराठी माणसाच्या तिरक्या जिभेला होतं. ‘स्वरसोबत’ नावाचा कराओकेचा खेळ घरोघरच्या गेम कन्सोलवर जाऊन बसला होता. त्याचे ग्राहक रोज ढिगाने अभिप्राय लिहीत. कंपनीचं यंत्र ते वाचे आणि त्याप्रमाणे खेळात आपला आपण बदल करून घेई. इतर भाषांत ते झकास चालायचं, मराठीत मात्र ठेचकाळायचं. ‘वा, काय खेळ काढलाय, शेजाऱ्यांनी घर विकायला काढलं’ हे वाक्य त्याला शाबासकी वाटायचं. त्यातून आपल्या लोकांना टोमणा मारताना पाच तारे द्यायची खोड, त्यामुळे यंत्र आणखीनच फसायचं. म्हणून कंपनीने काही निवृत्त मराठी शिक्षिकांना घरबसल्या कामाला लावलं होतं. पडद्यावर अभिप्राय यायचा आणि खाली दोन बटणं असायची, एक ‘स्तुती’ आणि दुसरं ‘टोमणा’. तीन जावांच्या घरात संसार केलेल्या वैजयंतीला हे काम म्हणजे हातचा मळ होता.

त्या सकाळी भाकऱ्या उरकून ती जयसिंगपूरच्या आपल्या घराच्या मागच्या खोलीत कामाला बसली, तेव्हा पाच ताऱ्यांचा एक अभिप्राय समोर आला. ‘बाबांना शेवटच्या महिन्यातही तुम्ही अठ्ठ्याण्णव गुण दिलेत. त्यांचा घसा आतून खलास झाला होता, हे आम्हाला डॉक्टरांनी सांगितलं. तुमचे आभार मानावेत तेवढे थोडेच.’ यंत्राने ‘स्तुती’ला झुकतं माप दिलं होतं. वैजयंतीने ‘टोमणा’ दाबला. पुढचा अभिप्राय आला, पण तिचं लक्ष काही केल्या त्यात लागेना.

बाहेरच्या खोलीत तिच्या नवऱ्याचं, भूपालरावांचं गाणं सुरू झालं होतं. आवाज कसा घासूनपुसून ठेवल्यासारखा लख्ख होता. आणि हाच माणूस पंधरा मिनिटांपूर्वी चहा मागायला स्वयंपाकघरात आला, तेव्हा त्याच्या घशातून नुसती खरखर बाहेर पडली होती.

भूपालराव मगदूम साखर कारखान्यात केमिस्ट होते. उसाच्या रसाचे नमुने तपासण्यात त्यांची नोकरी गेली आणि उरलेला सगळा जन्म गाण्यात. पुरुषमाणूस असून आपण काळी दोनमध्ये गातो, याचा त्यांना केवढा अभिमान. नव्या माणसाशी ओळख झाली की नाव, गाव आणि पट्टी एका दमात सांगत. गाणारी बहुतेक पुरुषमंडळी काळी एकवर किंवा पांढरी दोनवर समाधान मानतात, पण भूपालरावांचा सा पेटीवरच्या त्या दुसऱ्या काळ्या पट्टीवर बसायचा आणि तिथून ते वरच्या सापर्यंत बिनधास्त चढायचे. निवृत्तीच्या दिवशी मुलीने बंगळुरूहून कन्सोल आणि ‘स्वरसोबत’ पाठवलं. पहिल्या दिवशी पडद्यावर अक्षरं उमटली, ‘भूपाल मगदूम. पट्टी: काळी दोन.’ ते वाचून गृहस्थ असे खूश झाले की मिरजेहून मुद्दाम करवून आणलेली त्यांची पेटी त्याच आठवड्यात चादर पांघरून कपाटावर गेली.

घोगरेपणा सुरू झाल्यावर वैजयंतीचं ज्येष्ठमध झालं, हळदीच्या गुळण्या झाल्या, नंतर तिने डॉक्टरांकडे जायचा लकडा लावला. भूपालरावांचं उत्तर ठरलेलं असे. घसा खराब असता तर सत्त्याण्णव मार्क पडले असते का गं, यंत्र काय माझं पाव्हणं लागतंय? बोलताना आवाज बसतो पण गाताना सुटतो, म्हणजे आत सगळं ठीकच असणार, असा हिशेब तिनेही मनाशी करून टाकला होता. गाणाऱ्या माणसाच्या घरात गाण्यावर विश्वास ठेवायचा नाही तर कशावर ठेवायचा?

आज मात्र तिला भीती वाटली. तिने जुने अभिप्राय उघडले आणि ‘घसा’ हा शब्द शोधायला घेतला. एकापाठोपाठ एक तिने स्वतः ‘स्तुती’त टाकलेली वाक्यं वर आली. ‘साठीनंतर माझा आवाज उलट तरुण झाला.’ ‘दम लागायचा तो तुमच्या खेळात लागत नाही.’ ‘आमच्या ग्रुपच्या माइकवर सूर लागत नाही, तुमच्याकडे बरोब्बर लागतो.’

हे शेवटचं वाक्य तिने आपल्या घरातच ऐकलं होतं. ‘सुरेल सोबती’ हा गावातल्या हौशी कराओके मंडळींचा ग्रुप. त्यांच्या गेल्या कोजागिरीच्या कार्यक्रमात वरच्या ओळीवर भूपालरावांचा आवाज फाटला. त्यांनी तिथल्या तिथे माइकवाल्याला झापलं, अॅम्प्लिफायरच्या नावाने बोटं मोडली आणि दुसऱ्या दिवसापासून ग्रुप सोडून घरीच गायला लागले.

खेळ कसा चालतो हे वैजयंतीला कामामुळे बऱ्यापैकी ठाऊक होतं. माणूस गात असताना यंत्र त्याचा सूर, श्वास आणि आवाजातला कंप मोजतं. कन्सोलचा कॅमेरा त्याचे खांदे आणि चेहरा बघतो, म्हणजे दम कुठे तुटला आणि गडी खूश आहे की वैतागला, हेही कळतं. यंत्राला एकच गोष्ट साधायची असते, ती म्हणजे गाणारा हसतमुखाने उठला पाहिजे आणि उद्या परत आला पाहिजे. पहिल्यावहिल्या आवृत्तीत यंत्र सरळ विचारायचं, ‘आज पट्टी थोडी उतरवू का?’ त्यावर लोकांनी जी काही मुक्ताफळं उधळली होती. ‘उतरवा की, सोबत एक काठीपण पाठवा.’ ‘आमचं वय काढायला घरात बायको नेमलेली आहे.’ वैजयंती पोट धरून हसली होती आणि तिने एकेकावर ‘टोमणा’ची खूण केली होती. काही आठवड्यांनी तो प्रश्न खेळातून नाहीसा झाला. तसं करायला कोणी सांगितलं नव्हतं. विचारलेलं माणसाला आवडत नाही, एवढं यंत्र आपलं आपण शिकलं होतं.

पण विचारणं बंद केलं म्हणून पट्टी उतरवणंही बंद केलं होतं का?

गाणं संपवून भूपालराव भाजी आणायला बाहेर पडले. वैजयंतीने स्टुलावर चढून पेटी खाली काढली, सतरंजीवर ठेवली आणि कन्सोल सुरू केला. त्यांच्या नावावर बोट ठेवलं, त्यांचं रोजचं गाणं निवडलं. वाद्यं वाजू लागली. पडद्यावर नेहमीची अक्षरं होती, ‘पट्टी: काळी दोन.’ तिने डाव्या हाताने भाता हलवला आणि काळी दोन दाबली.

दोन्ही आवाज एकमेकांना खेटून उभे राहिले, पण मिसळेनात. गाण्यातलं तिला फार कळत नसलं तरी त्यांचा सा कुठे असतो हे तिच्या कानाला लग्नापासून पाठ होतं. ती एक पट्टी खाली आली. जमेना. आणखी खाली, काळी एक, मग पांढरी एक, तरीही नाही. बोट डावीकडे सरकत सरकत खालच्या सप्तकात गेलं आणि पांढरी सातवर पेटी आणि टीव्ही एकदम एक झाले. वैजयंतीचा भात्यावरचा हात थांबला. चार पट्ट्या.

हे एका दिवसात झालेलं नव्हतं. पेटीच्या एका पट्टीपासून शेजारच्या पट्टीपर्यंत जेवढं अंतर असतं त्याचे शंभर भाग केले, तर त्यातला एखाददुसराच भाग यंत्र रोज खाली सरकत आलं होतं. एवढासा फरक कोणाच्याच कानाला कळत नाही. जिथे दम पुरत नव्हता तिथे त्याने चाल किंचित सैल केली होती. आणि जिथे आवाजच फुटत नव्हता तिथे भूपालरावांचाच वर्षापूर्वीचा साठवलेला आवाज हळूच खालून घातला होता. गाताना ते कानाला लावत त्या हेडफोनमध्येही तोच येत होता. पडद्यावरची अक्षरं तेवढी जागची हलली नव्हती.

“पेटी का काढलीस?” दारात भाजीची पिशवी घेऊन भूपालराव उभे होते. आवाज पत्र्यावर खडे घासावेत तसा.

तिने सगळं सांगितलं. ते आधी हसले, मग जवळ येऊन बसले. स्वतः भाता मारून काळी दोन दाबली, कान देऊन ऐकलं, पुन्हा दाबली.

“पेटी बिघडलीय. वर्षभर वर पडून आहे की.”

“पेटीचे सूर एवढे सरकत नाहीत, हे तुम्हीच मला सांगितलंय.” वैजयंतीने टीव्ही बंद केला. “तिच्यावर गाऊन बघा एकदा. माझ्यासाठी.”

त्यांनी मांडी घातली. काळी दोन धरली आणि तोंड उघडलं. सा आला, पण नुसता फसफसला. वर जायला लागले आणि तिसऱ्या-चौथ्या सुरावर आवाज सरळ नाहीसाच झाला, उरली ती हवा. त्यांनी घसा खाकरला आणि एक पट्टी खाली घेतली. मग आणखी एक. नमुना तीनतीनदा तपासल्याशिवाय सही न करणारा तो केमिस्ट एकेक पट्टी उतरत गेला, आणि पांढरी सातवर आवाज कसाबसा उभा राहिला, तोही लडखडत. त्यांनी भाता मिटवला. वैजयंतीला त्यांच्याकडे बघवेना.

“वैजू,” ते शेवटी म्हणाले, “मग रोज गात होतं ते कोण?”

तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

दुपारी तिने पुण्याला आपल्या कामाची देखरेख करणाऱ्या शर्विलला फोन लावला. पोरगा वाईट नव्हता. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि भूपालरावांच्या तब्येतीची चौकशीही केली. मग त्याने समजावलं, की यंत्र आजार ओळखत नाही, आरोग्याच्या गोष्टीत नाक खुपसायची त्याला कायद्याने मनाईच आहे, ते फक्त गाणाऱ्याची अडचण दूर करतं. तिने विचारलं, अशी अडचण किती जणांची दूर केली, ते सांग. त्यावर तो म्हणाला, “मॅडम, तशी नोंदच नाही. यंत्राकडे ते ‘सुधारलेला अनुभव’ म्हणून जमा होतं.” लोकांना निदान सावध तरी करा, असं ती म्हणाली, तेव्हा त्याने तिला ही सूचना अभिप्रायाच्या रकान्यात लिहायला सांगितलं. तिने लिहिली. ती कोणत्या बटणाखाली गेली हे तिला कधीच कळलं नाही.

मिरजेच्या डॉक्टर शिरगुप्प्यांनी नाकातून बारीक नळी घातली आणि पडद्यावर भूपालरावांचा घसा आतून दाखवला. एका स्वरतंतूवर पांढरट गाठ होती आणि ती पार दुसऱ्या तंतूपर्यंत पोचली होती; तुकडा तपासला तर कॅन्सर निघाला. डॉक्टर मंडळी असे रोग रोज बघतात, पण यांच्या कपाळावर आठी पडली. सुरुवातीलाच आला असतात तर नुसत्या किरणांनी भागलं असतं, आवाजही राहिला असता, असं त्यांनी सांगितलं. आता स्वरयंत्र काढावं लागेल.

“गाणारी माणसं आमच्याकडे फार लवकर येतात,” डॉक्टर म्हणाले. “वरचा सूर लागेना झाला की दुसऱ्या दिवशी दारात हजर. तुम्ही एवढं कसं थांबलात?”

“मला लागत होता, डॉक्टर,” भूपालराव म्हणाले.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी दवाखान्यातून मुलीला फोन केला आणि हवापाण्याच्या गप्पा मारल्या. वैजयंतीशी मात्र ते फारसं बोलले नाहीत, नुसतं तिचं नाव दोन-तीनदा घेतलं. दुसऱ्या दिवसापासून ते नाव त्या तोंडून यायचं कायमचं बंद झालं.

जीव वाचला. गळ्याच्या खाली, जिथे सदऱ्याचं वरचं बटण येतं तिथे एक भोक होतं आणि श्वास आता तिथूनच चालायचा. त्यावर वैजयंती रोज पांढरी जाळीची पट्टी बांधायची. दवाखान्याने बोलण्यासाठी गळ्याला लावायचं एक छोटं यंत्र दिलं होतं, पण त्यातून येणारा सपाट आवाज ऐकून भूपालरावांनी ते कपाटात टाकून दिलं. काही हवं असलं की मोबाइलवर लिहून दाखवत. मीठ कमी आहे, पंखा बंद कर, उद्या भेंडी नको. कन्सोल वैजयंतीने माळ्यावर चढवला होता. पेटी बाहेरच्याच खोलीत राहिली, पण ते तिच्याकडे बघतसुद्धा नसत. दिवसदिवस खिडकीशी बसून राहायचे. नोकरी सोडावी असं वैजयंतीच्या मनात अनेकदा आलं. पण नंतर वाटायचं, आपण उठलो तर त्या खुर्चीत दुसरी कोणी बसेल, आणि तिला यातलं काहीच ठाऊक नसेल.

पर्युषणातल्या एका सकाळी ती बस्तीतून, म्हणजे जैन मंदिरातून, दर्शन घेऊन परतत होती. गल्लीच्या तोंडाशी आली आणि थबकली. भूपालराव गात होते. घसा बसण्याआधीचा तो भरदार आवाज, तीच ओळ उचलायची ऐट, तीच शेवटाला अलगद सोडलेली मींड. शेजारची बाई जुनं रेकॉर्डिंग समजून दारात उभी राहून कौतुकाने मान डोलवत होती. ती घराकडे धावलीच.

भूपालरावांनी माळ्यावरचा कन्सोल खाली काढला होता आणि ते टीव्हीसमोर हातात माइक धरून उभे होते. ओठ हलत होते, खांदे वरखाली होत होते, गळ्यावरची पांढरी जाळी आतबाहेर होत होती. त्यांच्यातून आवाज निघत नव्हता. आवाज भिंतीवरच्या स्पीकरमधून येत होता आणि ओठांच्या एक क्षणही मागेपुढे होत नव्हता. कॅमेऱ्याचा लहानसा दिवा त्यांच्या चेहऱ्यावर रोखलेला होता. पूर्वी यंत्र त्यांच्या आवाजातल्या फटी बुजवत असे. आता सगळी जागाच मोकळी होती, ती त्याने पुरती व्यापली होती.

पडद्यावर अक्षरं होती, ‘पट्टी: काळी दोन.’

का कोण जाणे, ती पेटीशी जाऊन बसली आणि तिने काळी दोन दाबली. पेटी आणि स्पीकर, दोन्ही तंतोतंत जुळले. आता पट्टी उतरवायची गरजच राहिली नव्हती, कारण थकायला गळाच नव्हता. गाणं संपलं आणि पडद्यावर गुण आले, शंभर. आजवर भूपालरावांना शंभर कधीच पडले नव्हते.

वैजयंती उठली आणि तिने भिंतीवरच्या बटणाकडे हात नेला. भूपालरावांनी तिच्याकडे पाहिलं. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं, अगदी लहान पोराचं हसू. त्यांनी मोबाइलवर दोनच शब्द लिहून तिच्यापुढे धरले. ‘राहू दे.’

तिने बटण दाबलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन ती ओट्याला टेकून रडली आणि बाहेर पुढचं गाणं सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी ती कामाला बसली. अभिप्रायाखाली ग्राहकाचं नाव नसतं, पण काही ओळींना नाव लागत नाही. ‘माझा गळा काढून टाकला, आवाज मात्र तुमच्याकडे सुखरूप राहिला. अजूनही काळी दोनच. तुमचे उपकार विसरणार नाही.’ पाच तारे.

वैजयंतीने ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. ती त्यात खोच शोधत होती. भूपालरावांचे टोमणे तिच्याइतके कोणी खाल्ले नव्हते. आमटी खारट झाली की ‘आज समुद्रावर गेला होतात वाटतं’ असं म्हणणारा माणूस तो. तो टोमणा मारायचा तेव्हा तिला ‘अहो-जाहो’ करायचा, वाक्याला शेपूट लावायचा. इथे काहीच नव्हतं. देवळात हात जोडून म्हणावं तसं ते सरळ म्हटलेलं होतं. टोमणा असता तर तिला किती बरं वाटलं असतं.

‘स्तुती’ दाबलं की यंत्र काय शिकणार, हे तिला आता पक्कं कळत होतं. माणसाचं काही जात असेल तर सांगायचं नाही, भरून काढायचं. सगळंच गेलं तर सगळंच भरून काढायचं. माणूस हसतोच, आणि वर उपकारही मानतो. पडद्यापलीकडे कुठेतरी कोणाचा तरी बाप, कोणाची तरी आई याच घटकेला माइक हातात घेऊन गात असेल आणि घरचे म्हणत असतील, बघा, आवाज कसा लागतोय.

एवढ्या नोकरीत तिने एकही खूण खोटी केली नव्हती. तिने ‘टोमणा’ दाबलं.

एरवी लगेच पुढचा अभिप्राय यायचा. या वेळी पडदा थांबला. बाहेरच्या खोलीत वाद्यं वाजू लागली आणि भूपालरावांच्या आवाजाने ओळ उचलली. मग पडद्यावर अक्षरं उमटली. ‘खात्री आहे का? हे लिहिताना ग्राहक हसत होता.’

वैजयंतीने काही उत्तर देण्याआधीच तिची खूण पुसली गेली. त्या जागी ‘स्तुती’ आलं आणि पुढचा अभिप्राय समोर आला.